कॉम्प्युटर नाव सोडत नाही

आमच्या घरातला कॉम्प्युटर रोज सकाळी विचारतो, आज तारीख काय? आणि रोज सकाळी मी त्याला चाळीस वर्षं मागची तारीख सांगते. तो बिचारा मानतो. त्याच्या पोटातली बॅटरी कधीच मेली आहे, त्यामुळे एकदा बंद केला की त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. सकाळी उठतो तो थेट ऐंशी सालच्या एक जानेवारीला. तिथून त्याला हाताला धरून पुढे आणायचं, पण फार पुढे आणायचं नाही, हे माझं दिवसातलं पहिलं काम. चहा नंतर.

या खोटेपणापायी माझ्या स्वतःच्या डोक्यात सालांचा असा काला झाला आहे की बँकेत फॉर्म भरताना मी शेजारच्या माणसाला विचारते, बाबा, सध्या कोणतं साल चालू आहे? लोक मला वेंधळी समजतात. समजू देत. वेंधळी तर मी आहेच, पण त्यामागे एक कारण आहे आणि ते पुढल्या खोलीत टेबलावर बसलेलं आहे.

हा कॉम्प्युटर आमच्या धनगर समाजाची वधू-वर नोंदणी सांभाळतो. माझं माहेर देवगाव रंगारीचं, थोडी कोरडवाहू जमीन आणि बरीचशी मेंढरं. सासर शहरात, छावणी भागात. लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या ह्यांनी एका ऑफिसच्या लिलावातून हे धूड उचलून आणलं. ह्यांनी तेव्हा संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास केला होता आणि शिकलेलं कुठे दाखवावं हे कळत नव्हतं. म्हणून त्यांनी नोंदणीचा प्रोग्राम लिहिला. नाव, गाव, कूळ, देवक, शिक्षण, जन्मसाल. देवक जुळलं की सोयरीक होत नाही, तेवढं कॉम्प्युटर पाहायचा आणि बसतील ती स्थळं खडखडाट करत दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदावर छापून द्यायचा. शिवाय ह्यांनी आणखी एक सोय करून ठेवली होती. मुलगी अठराच्या आत किंवा मुलगा एकविसाच्या आत असला, तर नावच छापायचं नाही. काही केल्या नाही.

मग दोन हजार साल आलं आणि प्रोग्रामला वेड लागलं. ह्यांनी सालाचे दोनच आकडे घेतले होते, त्यामुळे लग्नाच्या मुली शंभरीला टेकल्या किंवा जन्मायच्या राहिल्या. मूळ प्रोग्राम ज्या फ्लॉपीवर होता तिला बुरशी लागलेली, आणि आपणच काय लिहून ठेवलं आहे ते ह्यांना आठवेना. डोकं खाजवून त्यांनी तोडगा काढला. कॉम्प्युटरला चालू साल वीसनं कमी करून सांगायचं आणि प्रत्येकाचं जन्मसालही वीसनं कमी करून टाकायचं. वय बरोबर येतं. मी बसून सगळ्या जुन्या नोंदी वीसनं मागे नेल्या, आणि पुढे दोन हजार वीस उजाडलं तेव्हा पुन्हा वीसनं. हे म्हणाले, "बघ, कसं जमवलं." जमवलं ह्यांनी, निस्तरते मी.

जुनं यंत्र चालतं ठेवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सांभाळणं. काय दुखतंय ते सांगत नाही, नुसतं रुसतं. सुरू होताना शिट्ट्या मारल्या की मेमरीची पट्टी काढायची, शाळेच्या खोडरबरानं तिचे पिवळे दात घासायचे आणि परत बसवायची. हार्ड डिस्क थंडीत अडकते, मग बाजूनं चमच्याच्या दांड्यानं दोन टिचक्या. प्रिंटरची रिबन मिळेनाशी झाली तेव्हा रबरी शिक्क्याच्या पॅडची शाई चोळून मी तीच रिबन किती वेळा ओली केली असेल देव जाणे. बाकीचे अवयव छावणीच्या बाजारातला एक वयस्कर भंगारवाला माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. तो मला आपा म्हणतो आणि दर वेळी सांगतो, "आपा, अब बस करो, नवा ले लो." मी म्हणते, "नक्को भाई." मग तो हसतो आणि पोत्यातून हवी ती वस्तू काढून देतो.

नवा का घेत नाही, हे मला सगळेच विचारतात. एकदा समाजातल्या शिकलेल्या मुलांनी सगळी नोंदणी मोबाईलवर करून दिली होती. कुणी पाहिली नाही. लोक माझ्याच दारात आले. "मोबाईलवर कोन बी काय बी टाकतंय, आमाला कागद द्या," म्हणाले. भोकाभोकाचा तो कागद निघाल्याशिवाय आमच्यात लग्नाची बैठक बसत नाही. काही घरांत तो देव्हाऱ्यात ठेवतात. माणसाच्या तोंडावर विश्वास नाही, पण खडखडाट करून निघालेल्या कागदावर आहे. याला काय म्हणावं?

दोन हजार तेराच्या दुष्काळात मात्र कॉम्प्युटरनं माझा जीव नकोसा केला. नळाला आठवडा आठवडा पाणी नाही. आमच्या बाजूनं पडेगावकडे जाताना पूर्वी शेतं होती. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिथे मेंढरं बसवायला यायचा, शेताला खत आणि मेंढरांना चारा. आता तिथे प्लॉट पडले होते, चुन्याच्या रेघा मारलेल्या, आणि त्या रेघांमध्ये टँकर उभे. शहर वाढत होतं आणि पाणी आटत होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा होतात, ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

जमीन वाळली तशी आमची अर्थिंग मेली. अंगणातल्या खड्ड्यातला मीठ-कोळसा कोरडाठाक, आणि कॉम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या. अर्थिंगला ओल लागते. म्हणून मी रोज भांडी विसळलेलं पाणी त्या खड्ड्यात ओतायची. शेजारणी कपाळाला हात लावायच्या. "माणसांना प्यायला नाही आन् ही डबड्याला पाजायली," एकीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं. मी पाणी ओतत राहिले. तिचं खोटं नव्हतं.

आणि त्याच वर्षी बाप यायला लागले. कन्नडकडून, खेड्याखेड्यांतून, जीपनं, एसटीनं. सोबत चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींचे शाळेचे दाखले. पाणी नाही, चारा नाही, मेंढरं घेऊन लांब जायचं, तरणी होत आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? वाईट माणसं नव्हती ती. माझ्यासमोर बसून पाणी पितानासुद्धा अर्धा ग्लास ठेवायची. मी जन्मसाल टाकायची, बटण दाबायची, कॉम्प्युटर गप्प. मग मी हात वर करायची, "मी काय करू? कॉम्प्युटर नाव सोडत नाही." ते उठून जायचे. माझ्यावर कुणी रागावलं नाही. एका अर्थानं मी खूश होते. नाही म्हणायला मला तोंड उघडावंच लागलं नव्हतं.

मग एके दिवशी दादा आला. सोबत त्याची मुलगी, माझी भाची. तिला शहर दाखवायला आणलं असेल असं मला वाटलं. ती आल्याबरोबर स्वयंपाकघरात शिरली आणि चहाचं आधण ठेवलं. दादा खुर्चीत बसला, फेटा मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "बाई, पोरीचं नाव टाक. कन्नडच्या अंगाला एक घर हाये. त्यांच्या बोअरला पाणी हाये अजून."

मी म्हटलं, "दादा, लहान आहे रे."

"लहान कुठं? साळंत अंदाजानंच लावलेलं. एक जूनच हाये की दाखल्यावर."

ते खरं होतं. आमच्याकडे अर्ध्या समाजाचा जन्म एक जूनचा. मास्तर शाळेत नाव घालताना तोच लिहितात, आणि सालसुद्धा पोराचा हात डोक्यावरून कानाला पोचतो का ते बघून. दाखल्यावर अठ्ठ्याण्णव होतं. मी वीस कमी करून अठ्ठ्याहत्तर टाकलं. मनात मी निश्चिंत होते. मला दादाला नाही म्हणायचं नव्हतं. त्यानं माझ्या शिक्षणासाठी मेंढरं विकली होती. माझं लग्न लावून दिलं होतं. त्याला नाही कसं म्हणू? ते काम कॉम्प्युटर करणार होता. मी बटण दाबलं.

आणि प्रिंटर सुरू झाला.

मी नुसती बघत राहिले. कागद वर येत होता, त्यावर माझ्या भाचीचं नाव होतं, पुढे अठरा. मला काहीच कळेना. बोटांवर मोजलं, पंधरा आले. पुन्हा मोजलं, पंधराच. पण इतकी वर्षं हा चुकला नव्हता, चुकायची ती मीच. मला साल तरी कुठे आठवतं? म्हणजे ती अठराची असेल का? मागल्या दिवाळीत ती माझ्या खांद्याला आली होती की कानाला? दादानं कागद फाडून घेतला, कपाळाला लावला आणि घडी करून खिशात घातला. भाचीनं चहा आणला. चहा घेऊन दोघं गेले. मी दारात उभी राहून हात हलवला.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. हे लगेच कॉम्प्युटरपुढे बसले, चष्मा पुसला आणि तासभर दहा-बारा नावं तपासून म्हणाले, "प्रोग्राम एकदम बरोबर आहे." मी म्हटलं, "मी पोरीचं विचारतेय, प्रोग्रामचं नाही." हे म्हणाले, "तेच सांगतोय ना, प्रोग्राम बरोबर आहे." यांच्याशी लग्न करताना माझं देवक कुणी पाहिलं होतं कोण जाणे.

खरं कळलं दुसऱ्या दिवशी. प्रत्येक कागदाची कार्बन प्रत मी फायलीत लावते. ती लावताना डोक्यावरची तारीख पाहिली. त्र्याण्णव असायला हवं होतं, तिथे शहाण्णव. धुळीनं कीबोर्डच्या वरच्या ओळीतला तीनचा आकडा काही दिवसांपूर्वी मेला होता, म्हणून मी उजव्या बाजूच्या चौकोनातले आकडे वापरत होते. तिथे तीनच्या बरोबर डोक्यावर सहा बसतो. बोट जरा वर पडलं आणि एका सकाळीत कॉम्प्युटरमधल्या सगळ्या पोरी तीन वर्षांनी मोठ्या झाल्या.

कीबोर्ड काखेत मारून मी भंगारवाल्याकडे गेले. त्याला सगळं सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगवेना. तो पोत्यात हात घालून दुसरा कीबोर्ड शोधत होता. मी म्हटलं, "भाई, मशीनने धोका दिया." तो म्हणाला, "मशीन कू क्या मालूम आपा? तुम जो बोले वोइच सुनती." आणि मला एक पिवळट कीबोर्ड दिला, ज्यावर तीन चालत होता. मी घरी आले आणि दादाला फोन करायला तीन दिवस लावले. रोज फोन उचलायचा, रोज ठेवायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार? चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. बैठक ठरली होती.

बैठक देवगाव रंगारीला, खंडोबाच्या देवळापुढे. आमच्यात बायका मागे बसतात, पण नोंदणी माझी म्हणून मला सतरंजीच्या कडेला जागा असते. मुलाकडचे आले होते, साधी माणसं, नवऱ्या मुलाचा बाप सतत घाम पुसत होता. दादानं खिशातून कागद काढला आणि मधोमध ठेवला.  ज्यांचा शब्द सगळ्या बैठकांत शेवटचा, त्या म्हाताऱ्या बाबांनी कागदावर हात ठेवला, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, थांबा. कागद चुकलाय. पोरगी पंधराची हाये."

बाबा हसले. "बाई, मशीन चुकत नाय. मह्या दोन्ही लेकींचे कागद तिच्यातनंच निघाले. नांदायल्यात त्या."

"मशीन नाय चुकली. मी तिला साल चुकीचं सांगितलं."

"आसंल. पन नाव निघालं ना? येवढ्या पोरींचं निघालं नाय आन् हिचंच निघालं. खंडोबाच्या मनात आसंल ते."

चार जणांनी माना हलवल्या. मी वेडी झाले असं मला वाटलं. जे डबडं मी खोडरबरानं घासून आणि खरकटं पाणी पाजून जगवलं, त्याचा कागद खरा आणि मी खोटी? नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. मी दादाकडे पाहिलं. तो सतरंजीचा दोरा उपसत होता. तो उपसत होता म्हणून मला कळलं, त्यालाही माहीत आहे. आणि मग जे मला इतके दिवस स्वतःशीही बोलता आलं नव्हतं ते मी चारचौघांत बोलले.

"मी हिची आत्या हाये. पाळण्याखाली बसून हिच्या कानात नाव मी सांगितलं, त्याला पंधरा वर्सं झाली. मला ठावं व्हतं. कागद निघायला लागला तवा बी ठावं व्हतं. मी हात लावला नाय, थांबवला नाय. चूक बोटाची झाली, पन गप्प मी बसले."

 मग मुलाच्या बापानं घाम पुसला आणि दादाला विचारलं, "पाव्हणं, तुमाला ठावं व्हतं का?" दादानं सतरंजीचा आणखी एक दोरा उपसला. तो माणूस उठला. "उद्या कुनी अर्ज केला तर पोलीस मह्या दारात यायचे," म्हणाला, आणि जोडे घालून निघाला. त्याच्यामागे त्याची माणसं. बैठक मोडली. इतकं मोठं काही घडल्यासारखं वाटलंच नाही. सतरंजी झटकून घडी केली गेली.

देवळाच्या पायरीवर दादा मला एवढंच म्हणाला, "बाई, नाय म्हनायचं व्हतं तर घरात म्हनायचं. मी ऐकलं नसतं का? चार लोकांत कामून?" मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्या बऱ्या होत्या.

त्या उन्हाळ्यात तो मेंढरं घेऊन खूप लांब गेला आणि निम्मी घेऊनच परत आला. भाची आणि वहिनी घरी राहिल्या, मैलभरावरून पाणी आणत. दोन भाऊबिजा मी ताट करून बसले, तो आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, जेवला, मेंढरांविषयी बोलला. त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. नोंदणी बंद पडेल असं मला वाटलं होतं, तीही पडली नाही. चार महिने कुणी फिरकलं नाही, मग परत दारात चपला दिसायला लागल्या. लोक माझ्यावरचा विश्वास गमावतील अशी भीती होती. तो त्यांनी कधी ठेवलाच नव्हता, कागदावर होता, आणि कागद अजून निघतो. यावर हसावं की रडावं, मला ठरवता आलेलं नाही.

लोक मात्र आता ती गोष्ट वेगळीच सांगतात. आत्यानं भरल्या बैठकीत पोरगी वाचवली, म्हणतात. सत्काराला बोलावतात, नारळ देतात. मी नारळ घेते आणि तोंड लपवते. आमच्या शहराचं नाव बदललं, प्रोग्राममधल्या गावाच्या रकान्यात नवं नाव मावत नाही, ते मी पेनानं लिहिते. माझ्या त्या दिवसाचंही लोकांनी असंच पेनानं काहीतरी लिहून टाकलं आहे.

भाची बारावी झाली, लॅबचा कोर्स केला, आता शहरातच रक्त तपासायचं काम करते. रविवारी माझ्याकडे येते. कॉम्प्युटर उघडून साफ करायला तिला आवडतं. तिचा हात माझ्याहून हलका आहे. मागल्या महिन्यात ती कीबोर्डाची बटणं काढून कापसानं पुसत होती. मी शेजारी बसून लसूण सोलत होते. मान वर न करता ती म्हणाली, "आत्या, एक विचारू? लोक म्हनतात तू मला वाचवलं. मग त्या दिवशी कागद बापूला नेऊच कामून दिला?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं तयार करत होते. बोट, कीबोर्ड, धूळ, साल. ती सगळी मी बाजूला सारली. "तुझ्या बापूला नाही म्हणायची मला भीती वाटली," मी म्हटलं. "मला वाटलं, मशीन म्हणेल. ती म्हणाली नाही. मग कुणाच्या तोंडाकडे बघावं, मला कळेना."

तिनं हातातलं बटण उजेडात धरून पाहिलं, जागेवर बसवलं, दाबून बघितलं.

"मी आतच व्हते की, आत्या," ती म्हणाली. "मला विचारायचं. मी नाय म्हनले असते."